जाडा दहा पैसा

स्टँडवर किंवा थिएटरच्या दारात पूर्वी एक उंच लाल मशीन उभं असायचं, ते तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. समोर आरसा, वर रंगीत दिवे, काचेमागे गरगर फिरणारी चकती. पायरीवर उभं राहायचं, चकती थांबली की फटीत नाणं टाकायचं, आत खाडकन आवाज व्हायचा आणि पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर यायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. वजन बघून माणूस खट्टू झालाच तर भविष्य वाचून त्याने खूश होऊन घरी जावं, अशी ती योजना होती. त्या मशीनच्या पोटात हात घालून मी माझं पोट भरलं. कंपनीच्या कागदावर मी मेकॅनिक होतो. गावात मला काटेवाला म्हणायचे.

दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा, असं संपादक म्हणाले तेव्हा मी विचारात पडलो. मोठमोठ्या साहेबांना अनुभव येतात. आम्हाला तक्रारी येतात. पण एक नाणं मात्र माझ्या आयुष्यात असं काही घुसलं की त्याची आठवण काढल्याशिवाय माझा एक आठवडा जात नाही. ते म्हणजे दहा पैसे. त्यातही पहिले, जाडे दहा पैसे.

हल्लीच्या मुलांना दहा पैसे म्हणजे काय हेच आधी सांगावं लागतं. आमच्या वेळच्या चिल्लरीचं एक बरं होतं, ती डोळे मिटूनही ओळखू यायची. पाच पैसे चौकोनी, कोपरे गोल केलेले. तीन पैसे सहा कोनांचे. चार आणे गोल. आणि दहा पैशाची कड कंगोऱ्यांची, करंजीला मुरड घालावी तशी. ज्याला वाचता येत नाही, ज्याला नीट दिसत नाही, त्याचंही बोट फसू नये म्हणून कुणीतरी डोकं लढवून ही घडण ठरवली असणार. तो माणूस कोण ते मला ठाऊक नाही, पण त्याच्या अकलेचं मला फार कौतुक वाटतं. एका अंगाला सिंह, दुसऱ्या अंगाला ठसठशीत दहाचा आकडा. बस.

पहिलं दहा पैशाचं नाणं पांढरं, तांबं आणि निकेल मिसळून केलेलं, तळहातावर ठेवलं की आपण काहीतरी धरलंय असं वाटायला लावणारं. मग काही वर्षं पितळेसारखं पिवळं आलं. आणि सत्तरीच्या तोंडाशी ॲल्युमिनियमचं. धातू महाग झाला, नाण्याच्या किमतीपेक्षा आतल्या धातूचीच किंमत जास्त व्हायला लागली, असं आम्हाला तेव्हा सांगण्यात आलं. खरंही असेल. नवं नाणं आकाराने थोडं मोठं आणि वजनाला जुन्याच्या निम्म्याहूनही हलकं. सरकारला ते परवडलं. माझ्या मशीनला परवडलं नाही.

त्याचं असं होतं, की मशीनला वाचता येत नाही. आत पडलेलं नाणं दहा पैशाचं आहे की नाही, हे ते वजनावरून ओळखतं. नाणं एका छोट्या दांडीच्या टोकावर पडतं, दांडी झुकते, खटका सुटतो, तिकीट छापलं जातं. दांडीच्या मागच्या टोकाला शिशाचा एक तुकडा असतो, तो तिला उगाच झुकू देत नाही. ॲल्युमिनियमचं नाणं त्या दांडीवर पडायचं आणि दांडीला पत्ताच नाही. लोक मशीनला बुक्क्या मारायचे, शिव्या द्यायचे, कंपनीला पत्रं लिहायचे. मग मी एकेका मशीनची फट रुंद केली आणि शिसं कानशीने घासून कमी केलं. झालं उलटंच. दांडी इतकी हळवी झाली की ठाणे-बेलापूर रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की तुर्भ्याचं मशीन आपणहून तिकीट द्यायचं. तिथला पानवाला गिऱ्हाइकांना सांगायचा, थांबा जरा, ट्रक येऊ दे, फुकटात वजन होईल.

त्या पट्ट्यात कारखाने होते आणि कारखान्यांत टर्नर होते. मशीन उघडलं की नाण्यांच्या जोडीला हातांनी बनवलेले वॉशर निघायचे. एकाने तर ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून दहा पैशाची कंगोऱ्याची कड इतकी सुबक कापली होती की मला रागच येईना. एवढ्या वेळात याने दहा रुपयांचं काम केलं असतं. पण फसवण्यातही कारागिरी असते.

भविष्याचीही गंमत सांगतो. बेलापूरच्या एका शेतकऱ्याला 'आपणांस लवकरच जमिनीपासून लाभ होईल' असं तिकीट आलं. त्याची जमीन नव्या शहरासाठी गेली होती आणि पैसे अजून हातात पडले नव्हते. गृहस्थ तिकीट घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "लवकर मंजे कवा? तारीक नाय लिवली ती." मी म्हटलं, काका, ते सगळ्यांना तेच येतं. ते म्हणाले, "सगल्यांचीच जमीन जेली ना."

मी त्या पट्ट्यात आलो कसा, तर पूल झाला आणि कंपनीने खाडीपलीकडची लाइन माझ्या गळ्यात मारली. वाशी, तुर्भे, बेलापूर, पनवेल. नवी मुंबई तेव्हा नकाशावर रंगवलेले चौकोन होती आणि जमिनीवर चिखल. आम्ही मूळचे महाडकडचे, बौद्ध. खोली शोधायला निघालो की लोक आधी आडनाव विचारायचे, मग खोली कालच गेली म्हणायचे. दिवाळ्याला, बेलापूरच्या खाडीला लागून असलेल्या कोळ्यांच्या गावात, एका बाईने आडनाव विचारलं नाही. तिने एवढंच विचारलं, "सुक्या मासलीचा वास चालंल ना?" माझी बायको सुमन म्हणाली, चालेल. आणि आम्ही तिच्या अंगणापलीकडच्या खोलीत राहायला गेलो.

तिचं नाव चांगुनाबाय. चाळिशी ओलांडलेली, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. सुकवलेल्या जवळ्याची आणि बोंबलांची टोपली डोक्यावर घेऊन ती पनवेलपर्यंत जायची. तिच्या हाताला तराजू लागत नसे. टोपली उचलली की ती वजन सांगायची आणि मी नंतर मशीनवर बघितलं की बरोबर निघायचं. मी तिला एकदा म्हटलं, बाय, तू असताना माझी नोकरी टिकणार नाही. ती म्हणाली, "माज्या हातातून तिकीट नाय येत."

सुमनचं आणि तिचं लवकर जमलं. आमच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. सुमन शेजारणींच्या पोरांना न्हाऊ घालायची, त्यांच्या डोक्याला तेल लावायची, झबली शिवायची आणि संध्याकाळी ज्याचं मूल त्याला परत द्यायची. ते परत देणं मला बघवत नसे. मुंबईला मोठ्या इस्पितळात दाखवून झालं. डॉक्टर म्हणाले, दोघांतही दोष नाही. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण दोष असता तर त्याला औषध तरी असतं.

एका सकाळी चांगुनाबाय दारात येऊन उभी राहिली. सुमन चुलीपुढे भाकऱ्या थापत होती, मी बूट घालत होतो.

"मेकानिक, तुला सांगून ठेवते," ती म्हणाली. "मी काल आईपुडं बोललेय. सुमनच्या पदरात पोर पडलं तर त्येला दहा पैशानी तोलीन."

आई म्हणजे त्यांची गावदेवी. त्या बाजूला अशी रीत आहे. नवसाचं मूल तराजूच्या एका पारड्यात बसवायचं, दुसऱ्यात गूळ, नारळ, ज्याची जशी ऐपत, आणि पारडी सारखी झाली की ते देवीला वाहायचं. चांगुनाबायच्या जवळ्याचं माप तेव्हा दहा पैशाला जायचं. तिच्या कनवटीला कायम तेच नाणं. म्हणून तिला तेच सुचलं.

मी म्हटलं, "बाय, आमच्यात नवस नाय. माझ्या वडिलांनी घरातले देव नदीत सोडले. आमी देवाकडे काय मागत नाय."

"तू कवा मागितलंस?" ती म्हणाली. "मी मागितलंय. देवी माजी, नवस माजा, पैसे माजे. तुजं काय जातंय?"

मी सुमनकडे बघितलं. तिने मान वळवली नव्हती. पण तव्यावरची भाकरी करपल्याचा वास सुटला होता आणि सुमनच्या हातून भाकरी कधी करपत नसे. मी बुटाच्या नाड्या बांधल्या आणि कामाला निघालो.

मध्ये काही वर्षं गेली आणि आम्हाला मुलगी झाली. करुणा. नवसाने झाली असं मी म्हणत नाही. नवसाने झाली नाही, असंही हल्ली म्हणत नाही. चांगुनाबायने तिला हातावर घेतलं, दोनदा वरखाली केलं, आणि पहिला शब्द तिच्या वजनाचा बोलली. "बारकी हाय. पन मोटी होल."

आता नवस फेडायचा. चांगुनाबायचा बेत असा होता की पोर वर्षाचं झालं की जत्रेत तोलून मोकळं व्हायचं. त्यासाठी तिने एका मडक्यात दहा पैसे साठवायला केव्हाच सुरुवात केली होती. पण ती बोलली तेव्हा हातात होते जाडे पांढरे दहा पैसे, आणि इकडे बाजारातून ते झपाट्याने नाहीसे व्हायला लागले. जो तो बाजूला काढून ठेवायचा. सगळीकडे ॲल्युमिनियम. तिने त्याला नाव ठेवलं पापडी.

मी तिला सुचवून बघितलं. "बाय, पापडी चालव की. दहा पैसे ते दहा पैसेच."

तिने एक पापडी तळहातावर ठेवली आणि तिच्यावर फुंकर मारली. नाणं उडालं नाही, पण तिला काय म्हणायचं ते मला कळलं. "यानी पोर तोलू?" ती म्हणाली. "तुज्या मशीनला पन ती कलली नव्हती. आईला कशी कलंल?"

"आणि हलके म्हणजे जास्ती लागतील. दुपटीपेक्षा जास्ती. तुलाच महाग पडेल."

"महागाचं नाय रं. बोलले तवा हातात जो होता, त्योच."

हा तिचा हट्ट मला पटत नव्हता, आवडत मात्र होता. मग मीही त्यात ओढला गेलो. मशीन उघडलं की पापड्यांच्या ढिगात एखादा जाडा सापडायचाच. कुणाच्या तरी फडताळातून, कुणाच्या आजीच्या बटव्यातून आलेला. मी तो बाजूला काढायचो, त्याच्या जागी माझ्या खिशातली पापडी टाकायचो. कंपनीला दहाला दहा मिळत होते. संध्याकाळी दिवाळ्याला आलो की चांगुनाबाय अंगणातच वाट बघत असायची. मी नाणं तिच्या हातावर ठेवलं की ती अंगठ्याने कड चाचपायची, मग मडक्यात टाकायची. पितळी असलं तर परत द्यायची. तिला रंग बघावा लागत नसे.

महिन्यातून एकदा मी सुमन आणि करुणाला बेलापूरच्या मशीनवर घेऊन जायचो. सुमन आधी पोरीला कडेवर घेऊन उभी राहायची, मग एकटी. दोन्हीतला फरक म्हणजे करुणा. घरी आलो की चांगुनाबाय विचारायची, "किती?" मी आकडा सांगायचो. ती कपाळावर हात मारायची आणि म्हणायची, "वाडली की रं." त्यात तक्रार होती आणि अभिमानही होता, आणि दोन्हींत कोणतं जास्त ते तिलाही सांगता आलं नसतं.

कारण शर्यत लागली होती. पोर वाढत होती आणि जाडे दहा पैसे आटत होते. पहिल्या वर्षीची जत्रा आली, मडकं कमी पडलं. दुसरी आली, पुन्हा कमी. गावातल्या बायका चिडवायच्या, चांगुने, पोरीच्या वरातीला तोलशील का? चांगुनाबाय हसून सोडून द्यायची. सुमन मात्र हसायची नाही. एकदा मला म्हणाली, "अहो, द्यायचं कबूल केलेलं ठेवून घेऊ नये." मी म्हटलं, "कबूल तू केलंस का मी?" ती म्हणाली, "पोर तर माझी आहे ना." मी नेहमीसारखं थट्टेवारी नेलं.

करुणा अडीच-पावणेतीन वर्षांची असताना त्या पावसाळ्यात गावात जुलाब-उलट्यांची साथ आली. आमच्या पोरीला ती अशी लागली की ठाण्याला इस्पितळात न्यावं लागलं. तिथले दिवस मी लिहिणार नाही. माझी अर्धी नोकरी लोकांचं वजन बघण्यात गेली आणि त्या इस्पितळातल्या काट्यावर नर्स पोरीला ठेवायची तेव्हा मी तोंड फिरवून उभा राहायचो. रोज आकडा खाली. माझ्या आयुष्यात मी वजन या गोष्टीला तेवढा कधी घाबरलो नव्हतो. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, धोका टळल्यासारखा आहे, पण जपा.

टळल्यासारखा. तो शब्द सुमनच्या डोक्यात बसला. घरी आणली तेव्हा करुणाचे नुसते डोळे दिसत होते. मान धरत नव्हती. चांगुनाबाय बाजार सोडून घरीच बसली होती. तिने पोरीला सुमनकडून घेतलं आणि हातांवर धरलं. दोनदा वरखाली करायची तिची सवय, पण त्या दिवशी तिने तसं केलं नाही. नुसती धरून उभी राहिली. मग हळूच खाली चटईवर ठेवलं.

सुमनने तिचे हात धरले.

"बाय, आज तोला हिला," ती म्हणाली. "आज पुरतील पैसे. मला माहीत आहे, आज पुरतील. नवस राहिला म्हणून हे झालं. फेडून टाका."

सुमनने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलेन, वडिलांचं नाव काढेन, असं तिला वाटलं असणार. मी सरळ शेजारी गेलो, त्यांच्या ओटीवरचा मासळीचा तराजू काढला आणि खांद्यावर टाकून घेऊन आलो. देव मानत नाही म्हणणारा मी, भर दिवसा गावातून तराजू घेऊन चालत आलो आणि मला कुणाची लाज वाटली नाही. मला माझी पोर हवी होती. जे काही करून राहणार असेल, ते मी त्या दिवशी केलं असतं. मी म्हटलं, "बाय, सुमन बरोबर बोलतेय. आण ते मडकं."

"नाय," चांगुनाबाय म्हणाली.

"पुरतील, बाय. मी सांगतो ना."

"म्हाईत हाय पुरतील. माज्या हाताला कललं." तिने पदराने तोंड पुसलं. "म्हनून तर नाय. आज तोलली तर आई इचारल, एवडीच होती का पोर? आन मंग ती एवड्यावरच ठेवील."

सुमन रडत होती. चांगुनाबाय तिच्याशेजारी बसली आणि तिची पाठ चोळत राहिली. "मोटी होऊ दे," ती म्हणत होती. "मोटी होऊ दे गो. मी काय कुटं जात नाय, मडका पन कुटं जात नाय." मी तराजू हातात घेऊन उभा होतो. मग तो जिथून आणला तिथे परत नेऊन टांगला.

कित्येक वर्षं ती बाई त्या नवसामागे धावली होती. आता तो आपणहून तिच्या हाताशी आला होता आणि तिने तो नाकारला. मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, पुष्कळ पुस्तकंही वाचली आहेत. श्रद्धा म्हणजे काय, यावर मी हल्ली कुणाशी वाद घालत नाही.

मग करुणाला वाढवणं हा चांगुनाबायचा उद्योगच झाला. नाचणीची पेज, मोरी माशाचं पातळ कालवण, बोंबलाचं सार. सुमन म्हणायची, एवढं खाऊन पुन्हा पोट बिघडेल. चांगुनाबाय म्हणायची, "कोल्याचं खाल्ल्यावर कोनाचं पोट बिगडतं?" पोर हळूहळू बसायला लागली, मग उभी राहिली, मग अंगणात वाळत घातलेल्या मासळीवरून धावायला लागली आणि ओरडा खायला लागली. तो ओरडा ऐकून मला जे वाटायचं ते सांगता येणार नाही. बेलापूरच्या मशीनवरचे आकडे पुन्हा वर चढायला लागले. चांगुनाबाय विचारायची, किती? मी सांगायचो. आता ती कपाळावर हात मारत नव्हती. नुसती मान डोलवायची.

पुढे आम्हाला वाशीला घर मिळालं. नळाचं पाणी, शाळा जवळ. आम्ही दिवाळं सोडलं. पुढे काट्यांचा दर वाढला, दहा पैसे मशीनला चालेनासे झाले. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी दहा पैशाचं स्टीलचं नाणं आलं, बारकं, गोल, गुळगुळीत कडेचं. बोटाला ते काहीच सांगत नाही. ते हातात आलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आपलं काम संपत आलं. नंतर मशीनंही भंगारात गेली. चांगुनाबाय जाऊन आता बरीच वर्षं झाली. दिवाळ्याला मी अजून अधूनमधून जातो. तिचं अंगण होतं तिथे तीन मजली घर आहे. मासळीचा वास मात्र तोच आहे, आणि तो आला की मी एखाद्या दुकानाच्या आडोशाला थोडा वेळ उभा राहतो. सुमनला हे सांगत नाही. तिलाही असंच होत असणार. आम्हाला सगळं मिळालं, घर, पाणी, पोरीची नोकरी. पण संध्याकाळी खिशात एक जाडा दहा पैसा घेऊन त्या अंगणात शिरायचं आणि एका बाईच्या हातावर तो ठेवायचा, हे सुख मला पुन्हा कुठल्याच पैशात मिळालं नाही. मला ते आजही हवं आहे.

पण तोलायचं काय झालं, ते राहिलं. आजारपणानंतरच्या चैत्रात, आम्ही अजून दिवाळ्यातच होतो तेव्हा, जत्रेच्या आधी चांगुनाबाय आली आणि म्हणाली, "यंदा तोलायची."

मी म्हटलं, "बाय, पुरणार नाहीत. मी गेल्या आठवड्यातच वजन बघितलंय."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "तू तराजू नीट लाव."

देवळापुढच्या वाळूत तीन बांबू बांधून धक्क्यावरचा मोठा तराजू टांगला होता. माझा धंदाच तो, म्हणून सगळे मला जागा करून बाजूला झाले. एक पारडं किंचित जड होतं, दुसऱ्यात खडा टाकून मी काटा मधोमध आणला. सुमनने करुणाला नवं परकर-पोलकं घातलं होतं. ती पारड्यात मांडी घालून बसली आणि दोन्ही हातांनी साखळ्या धरल्या. पारडं खाली गेलं. चांगुनाबायने मडकं उचललं आणि दुसऱ्या पारड्यात ओतायला लागली.

जाड्या नाण्यांचा आवाज वेगळा असतो. बायका बोलायच्या थांबल्या. ती ओतत राहिली, मग मडकं उपडं करून बुडाला थापटलं. शेवटची दोन-चार नाणी पडली. पारडं थोडं हललं आणि अधांतरी राहिलं. कोणीतरी मागून म्हणालं, आता टाका पापड्या, कोन बघतंय. दोघातिघांनी पुढे होऊन टाकल्याही. चांगुनाबायने त्या एकेक करून वेचल्या आणि ज्याच्या त्याच्या हातात परत दिल्या. सुमनने माझा हात घट्ट धरला होता.

मग चांगुनाबायने आपला तळहात नाण्यांवर ठेवला आणि दाबला. करुणा पारड्यासकट वर गेली आणि हसायला लागली. हात काढला, ती खाली आली. पुन्हा दाबला, पुन्हा वर. तिसऱ्या वेळी तिने हात काढला तो काढलाच, आणि देवळाकडे तोंड करून उभी राहिली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"आई, बग," ती म्हणाली. "हरले मी."

करुणाचं पारडं वाळूला टेकलं होतं, आणि ती काही केल्या उठायला तयार नव्हती.